न्यूट्रिशनल यीस्ट खाल्लं तर बी१२ची गोळी बंद करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, जन्मापासून शाकाहारी, दीड वर्षापूर्वी दूध-दहीही सोडलं. रक्ततपासणीत बी१२ १६८ पिकोग्रॅम आलं आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. भावानं शिकागोहून न्यूट्रिशनल यीस्टचा डबा आणला, तो संपत आल्यावर तुम्ही इथूनच ऑनलाइन निम्म्या किमतीचं दुसरं पाकीट मागवलं. रोज दोन चमचे खाल्ले तर गोळी बंद करता येईल का, लोह आणि कॅल्शियमही त्यातून भागेल का, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या आईला ते द्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

गोळी आत्ता बंद करू नका. हे आधी सांगते, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि तुमचा आकडा १६८ आहे. २००च्या खाली बहुतेक प्रयोगशाळा कमतरताच धरतात.

आता दोन्ही पाकिटं शेजारी ठेवा आणि मागची घटकांची यादी वाचा. पुढच्या बाजूचं काही वाचू नका, ‘बी कॉम्प्लेक्सचा खजिना’ वगैरे तिथे काहीही छापलेलं असतं. शिकागोच्या डब्यावर यीस्टच्या पुढे बहुधा नियासिन (बी३), पायरिडॉक्सिन (बी६), रायबोफ्लेविन (बी२), थायमिन (बी१), फोलिक ॲसिड आणि शेवटी सायनोकोबालामिन (बी१२) अशी रांग दिसेल. स्वस्त पाकिटावर बहुधा एकच घटक असेल, वाळवलेलं यीस्ट. दोन्हींचा रंग, वास, चव जवळजवळ सारखी असते, त्यामुळे जिभेला फरक कळणार नाही. पण यादीत सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन हे नाव नसेल, तर त्या पाकिटातून तुम्हाला बी१२ मिळणार नाही. ‘नैसर्गिक बी१२’ असं विक्रेत्यानं लिहिलं असेल तरी नाही.

याचं कारण यीस्टच्या स्वभावातच आहे. पाव फुगवणारं, बिअर आंबवणारं आणि हे न्यूट्रिशनल यीस्ट, तिन्ही एकाच जातीची एकपेशीय बुरशी आहे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. न्यूट्रिशनल यीस्ट उसाच्या किंवा बीटच्या मळीवर, भरपूर हवा देत मोठ्या टाक्यांत वाढवतात, मग धुऊन, गरम करून मारतात, तापलेल्या रुळांवर सुकवतात आणि त्याच्या पापड्या पाडतात. वाढताना बी१, बी२, बी३, बी५, बी६ आणि फोलेट (फोलिक ॲसिडचं अन्नातलं रूप) ही जीवनसत्त्वं ते स्वतः बनवतं किंवा मळीतून गोळा करतं. त्या बाबतीत यीस्ट खरोखरच श्रीमंत आहे. बी१२ मात्र त्याला बनवता येत नाही. वनस्पती, बुरशी, प्राणी, कोणालाच ते येत नाही. ते फक्त काही जिवाणू आणि त्यांच्यासारखे काही सूक्ष्मजीव बनवतात. गायीच्या दुधातलं बी१२सुद्धा तिच्या पोटातल्या जिवाणूंनी चाऱ्यातल्या कोबाल्टपासून तयार केलेलं असतं. डब्यात वरून मिसळलेलं बी१२ही टाक्यांमधल्या जिवाणूंकडूनच मिळवतात, तेव्हा तुमच्या दूध सोडण्याच्या निर्णयाला त्यानं बाधा येत नाही.

म्हणजे बी१२च्या दृष्टीनं ही दोन पूर्णपणे वेगळी पाकिटं आहेत. ‘मग साधं यीस्ट निदान निरुपद्रवी तरी आहे ना?’ असा पुढचा प्रश्न येतोच. एरवी आहे, पण ज्याचं बी१२ कमी आहे त्याच्या बाबतीत मी थोडं थांबून बोलते, आणि त्यासाठी मला तुम्हाला परळला न्यावं लागेल.

लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. इथे गरोदर बायकांमध्ये, विशेषतः गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये, एक भयंकर पांडुरोग दिसत होता. लाल पेशी संख्येनं कमी, पण आकारानं फुगलेल्या, आणि बाळंतपणात त्या बायका दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्सनं आधी जंतूंचा संशय तपासला आणि मग त्या बायकांच्या ताटाकडे वळली. जेवण निकृष्ट असलेल्यांनाच हा आजार गाठत होता. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करताना तिला असं आढळलं, की यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात ते मार्माइट, दिल्यावर रक्त झपाट्यानं सुधारतं. मग तिनं तो रुग्णांना दिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे १९४१ साली ते पालकापासून वेगळं काढण्यात आलं आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख होते आपले आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी मिळते तिची मुळं मुंबईच्या गिरणगावात आणि यीस्टच्या एका बरणीत आहेत. हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, याची मला नेहमी खंत वाटते.

या शोधाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. फुगलेल्या पेशींचा पांडुरोग फोलेट कमी पडल्यानंही होतो आणि बी१२ कमी पडल्यानंही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. १९४०च्या दशकात फोलिक ॲसिड हाती आल्यावर डॉक्टरांनी ते बी१२च्या कमतरतेच्या रुग्णांनाही दिलं, कारण तोवर बी१२ वेगळं सापडलंच नव्हतं, ते मिळालं १९४८ साली. त्या रुग्णांचं रक्त सुधारलं. पण त्यांच्या मज्जातंतूंची झीज चालूच राहिली, काहींची तर वाढली. पाय बधिर होणं, तोल जाणं, विसराळूपणा हे सगळं आतल्या आत पुढे सरकत राहिलं, आणि हिमोग्लोबिन चांगलं आल्यामुळे कोणाला शंका येईना.

साध्या यीस्टमध्ये भरपूर फोलेट आणि शून्य बी१२ असतं. एका सपाट मोठ्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम पापडी बसते आणि त्यात शंभरेक मायक्रोग्रॅम फोलेट सहज असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार बाईची रोजची गरज २२० आहे, म्हणजे जवळपास निम्मी गरज एका चमच्यात. आपल्या शाकाहारी जेवणात डाळी, हरभरा, मेथी-पालक यांतून फोलेट आधीच बरं मिळतं. खरी तूट बी१२चीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. त्या मातांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जणींचं बी१२ कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच दिसली. आणि ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी१२ कमी अशी जोडी होती, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

एक चमचा यीस्टनं कोणाचा आजार झाकला जाईल असं मी म्हणत नाही. अन्नातल्या फोलेटच्या एवढ्या मात्रेनं तसं होत नाही, ती भीती मुख्यतः फोलिक ॲसिडच्या मोठ्या डोसांची आहे. मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. साधं यीस्ट खाणारा माणूस ‘मी बी१२ खातोय’ या समजुतीत गोळी बंद करतो, वर्षभर तपासणी करत नाही, शिवाय कोणीतरी सुचवलेली लोह-फोलिकची गोळी चालू असते. माझ्याकडे येणाऱ्यांत हे चित्र वारंवार दिसतं. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या की ‘उभं राहून काम केल्यानं होतंय’ असं म्हणून महिने निघून जातात.

तुमच्या आकड्याबद्दल आणखी एक. निरोगी प्रौढाच्या यकृतात बी१२चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. दूध सोडून दीड वर्षच झालं असताना १६८ आलं, याचा अर्थ तुमचा साठा दूध सोडण्याआधीच तुटपुंजा असणार. म्हणून तुमच्यासाठी आधी खड्डा भरणं आणि मग रोजची गरज भागवणं अशी दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम यीस्टचं नाही, ते औषधाच्या मात्रेचं आहे.

हे आकड्यांत समजून घ्या. रोजची गरज आहे २.२ मायक्रोग्रॅम. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी१२ला धरून आतड्यापर्यंत नेतं, पण एका वेळी ते जेमतेम दीड ते दोन मायक्रोग्रॅमच आत पोहोचवू शकतं. त्यानंतर चार-सहा तासांनी ही वाट पुन्हा मोकळी होते. त्यावरचं जे काही खाल्लं जातं त्याचा साधारण एक टक्का नुसताच झिरपून रक्तात जातो. म्हणून डब्यावर एका वाढणीत गरजेच्या कितीतरी पट बी१२ लिहिलेलं असलं, तरी सगळं एकदम खाल्ल्यास पदरात पडतं ते दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेच थोडं सकाळी आणि थोडं रात्री असं विभागून खाल्लं तर जवळजवळ दुप्पट लाभ होतो. आणि म्हणूनच गोळी १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची असते. ती मात्रा अवाढव्य वाटते, पण झिरपणाऱ्या एक टक्क्यातूनच त्यातले दहा-पंधरा मायक्रोग्रॅम मिळतात.

माझा सल्ला असा. डॉक्टरांनी सांगितलेला गोळीचा कोर्स पूर्ण करा. तीन महिन्यांनी बी१२ पुन्हा तपासा, आणि शक्य असेल तर होमोसिस्टीनही, म्हणजे बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं एक द्रव्य. होमोसिस्टीन बघायचं कारण असं, की रक्तातला बी१२चा आकडा गोळीनं लगेच चढतो, पण पेशींपर्यंत ते पुरेसं पोहोचतंय का, हे होमोसिस्टीन खाली आल्यावर कळतं. दोन्ही ठीक आलं की डॉक्टरांशी बोलून देखभालीची छोटी मात्रा ठरवा. त्या वेळी बी१२ मिसळलेलं यीस्ट दिवसातून दोनदा, दोन्ही मिळून निदान ३ मायक्रोग्रॅम होईल इतकं, हा पर्याय खुला होतो. तरीही दूध-अंडं काहीच न खाणाऱ्यानं आठवड्याची एखादी गोळी ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. डबा संपतो, दुसरा यायला वेळ लागतो, मधेच साधं पाकीट घरात येतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

ओघात आलंच आहे तर: इडली-ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठावर बी१२साठी भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनावरही नाही, त्यात असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं पण शरीराला निरुपयोगी द्रव्य.

आता खनिजं. इथे लवकर आवरतं घेते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. यीस्टमध्ये जस्त, मॅग्नेशियम, फॉस्फरस, पोटॅशियम आणि वाढवण्याच्या द्रावणावर अवलंबून सेलेनियम, क्रोमियम असतं. पण आपण खातो ते ५-१० ग्रॅम. तेवढ्यातून जस्त जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळतं आणि बाईची गरज १३ आहे. लोह एका मिलिग्रॅमच्या आत, गरज २९. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. दूध सोडल्यावर तुमची सर्वांत मोठी खनिज-अडचण कॅल्शियमचीच आहे, गरज रोज १००० मिलिग्रॅम. त्यासाठी नाचणी आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. त्याहून कितीतरी जास्त तिळात असतं. राजगिरा आणि कॅल्शियम मिसळलेलं सोया दूध हेही आहेच. लोहासाठी कडधान्यं, अळीव, पालेभाज्या आणि त्यावर न चुकता लिंबू, आणि जेवणानंतर लगेच चहा नको. बिअर बनवताना उरणाऱ्या कडवट यीस्टमधलं क्रोमियम मधुमेहावर चालतं, अशी जाहिरात तुम्ही वाचली असेल. १९५०च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांतून ती कल्पना आली. पण २०१४मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं क्रोमियम माणसाला आवश्यक आहे असा खात्रीलायक पुरावा नाही, असंच मत दिलं. आईच्या साखरेसाठी त्याच्या मागे लागू नका.

मग यीस्ट खायचंच कशाला? चवीसाठी खा, आणि बी गटातल्या बाकीच्या जीवनसत्त्वांसाठी खा. वजनाच्या जवळपास निम्मं प्रथिन असतं आणि ते चांगल्या दर्जाचं असतं, एका चमच्यातून अडीचेक ग्रॅम. दूध सोडलेल्यांना चीजची आठवण येते, ती खारट-खमंग चव यातल्या नैसर्गिक ग्लुटामेटमुळे येते. दूध हा आपल्याकडे रायबोफ्लेविनचाही मोठा स्रोत आहे, ते बंद झाल्यावर ओठांचे कोपरे फाटणं, जीभ लाल होणं सुरू होतं. त्यावर यीस्ट छान उपयोगी पडतं, आणि तेही दोन्ही पाकिटांतलं. लघवी गर्द पिवळी झाली तर घाबरू नका, ते जास्तीचं रायबोफ्लेविन आहे. जीवनसत्त्वं मिसळलेल्या यीस्टमध्ये नियासिनही बरंच असतं. एकदम तीन-चार चमचे खाल्ले की काहींचा चेहरा लाल होऊन चुणचुणतो, तेव्हा एका चमच्यापासून सुरुवात करा.

स्वयंपाकात ते शेवटी, गॅस बंद करून घाला. थायमिन उष्णतेनं आणि त्याहून जास्त खायच्या सोड्यानं नष्ट होतं, म्हणून सोडा घातलेल्या उसळीत किंवा ढोकळ्यात ते घालून उपयोग नाही. आपल्या जेवणात मला त्याची सर्वांत चांगली जागा कोरड्या चटणीत वाटते. भाजलेले तीळ, जवस, थोडे शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ कुटून गार झाल्यावर त्यात चार-पाच चमचे पापडी मिसळा. कॅल्शियम तिळातून, बाकीचं यीस्टमधून, आणि दोन्ही जेवणांना एकेक चमचा घेतला की विभागून खाण्याचंही साधतं. पिठलं उतरवल्यावर, गरम वरणावर, भाजलेल्या मखाण्यांवरही छान लागतं. गोडाला मात्र ते लावू नका.

आणि बेकरी-सामानाच्या दुकानातलं दाणेदार ड्राय यीस्ट याच्या जागी कधीच वापरू नका. ते जिवंत असतं, पोटात आंबून वायू धरतो. न्यूट्रिशनल यीस्ट मेलेलं असतं, म्हणून ते पोटाला त्रास देत नाही, आणि म्हणूनच ते प्रोबायोटिकही नाही.

आता आई. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी१२ शोषण कमी होतं, ही नीट माहीत असलेली गोष्ट आहे. वयानुसार जठरातलं आम्लही कमी होतं आणि अन्नाला घट्ट चिकटलेलं बी१२ सुटं होत नाही. वरून मिसळलेलं बी१२ मात्र सुटंच असतं, त्यामुळे वयस्कर माणसाला ते दुधातल्यापेक्षा सोपं जातं. म्हणून शिकागोच्या डब्यातलं यीस्ट आईला द्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी आधी विचारा. तिला युरिक ॲसिडचा किंवा गाउटचा त्रास आहे का? यीस्टमध्ये न्यूक्लिइक ॲसिड खूप असतं आणि त्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं. असेल तर टाळा. क्रिएटिनिन वाढलेलं आहे का? मधुमेहात मूत्रपिंडावर ताण आला असेल तर फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजून द्यावं लागतं, तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नैराश्यासाठी किंवा पार्किन्सनसाठी एमएओ इनहिबिटर गटातलं औषध चालू आहे का? असेल तर यीस्टच्या पदार्थांतल्या टायरामिनमुळे रक्तदाब उसळू शकतो.

या सगळ्याच्या आधी आईचं बी१२ तपासून घ्या, आणि पायांना मुंग्या, जळजळ, अंधारात चालताना तोल जाणं यांपैकी काही होतंय का ते तिला थेट विचारा, ती आपण होऊन सांगणार नाही. मधुमेह आहे म्हटल्यावर पायाची प्रत्येक तक्रार साखरेच्या खात्यावर जाते. त्यातली काही बी१२ची असते, आणि ती वेळेत ओळखली तर बरी होते.

शिकागोच्या डब्यातलं जे उरलं असेल ते पारदर्शक बरणीत ओतून खिडकीपाशी ठेवू नका, उजेडात रायबोफ्लेविन आणि त्याच्याबरोबर बी१२ही खराब होतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कोरड्या चमच्यानं काढत वापरा, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. ऑनलाइनचं साधं पाकीट फेकू नका. त्याची चटणी करा, आणि बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: यात बी१२ नाही.